कापलेला निकाल

या, जवळ बसा, भवानी पेठेतली एक कथा सांगतो. टीव्ही नवा होता तेव्हा वेणीमाधवरावांचं विनोदी कोर्टनाटक त्यावर झालं. ते आरोपी होते, पण वेळ संपली म्हणून निकालाचा प्रवेशच कापला. आता म्हातारपणी त्यांना सगळ्याचा विसर पडलाय, तेवढं नाटक राहिलंय. रोज खुर्चीची पाठ धरून आरोपी म्हणून उभे राहतात, निकाल लागेपर्यंत घास घेत नाहीत. मग बायको यशोदाबाई न्यायाधीश होतात. "निर्दोष सुटलात. आता जेवा की." त्यांना एकटं टाकता येत नाही, म्हणून सात वर्षांत यशोदाबाई गल्लीतल्या कीर्तनालाही गेल्या नाहीत.

काल निकाल ऐकून ते हळूच म्हणाले, "साहेब, मी तर रोज सुटतोय. तुम्हाला कधी सोडणार हे लोक?"

देवापुढे दिवा लावाल तेव्हा यशोदाबाईंची आठवण काढा, बाबांनो.