चौदावर एक

"गळा प..." आणि शब्द तिथेच अडला.

टेप कंडक्टरच्या गळ्याभोवती होती. भाचीने दोन बोटं आत घालून ती नीट धरली होती. टेप बिचारी सरळ सांगत होती, पंधरा. भाचीच्या तोंडून मात्र तो आकडा बाहेर पडायला तयार नव्हता. ओठ मिटले ते मिटलेच. डावी पापणी फडफडायला लागली.

काउंटरमागे आत्या बसली होती. समोर मापाची वही, हातात पेन्सिल. दोन इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची बिशाद नव्हती. भल्याभल्या गिऱ्हाइकांची तिने चार शब्दांत बोळवण केली होती. आज सकाळीच तिने भाचीला बजावलं होतं, "टेप मागतेस ना? घे. गिऱ्हाइकासमोर अडखळलीस तर टेप खाली ठेवायची आणि मागे काज-बटणाला बसायचं. कायमचं. मग माझ्यासमोर नाक मुरडायचं नाही."

भाची सात वर्षं मागेच बसली होती. काजं सुरेख करायची. काजांशी बोलावं लागत नाही. टेप धरणाऱ्याला बोलावं लागतं. एकाने माप मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं आणि लिहिताना तोच आकडा पुन्हा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. दुकान उघडल्यापासूनचा रिवाज होता तो.

कंडक्टर गिऱ्हाईक खरा, पण भाचीच्या ओळखीचा. दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर नऊ जण जमायचे, त्यांतला एक. सगळेच अडखळणारे. तिथे नियम दोन. कुणाचा अडलेला शब्द दुसऱ्याने ओढून काढायचा नाही. आणि अडला म्हणून आपणही तो टाकून सोपा शब्द उचलायचा नाही. पहिल्या रविवारी भाचीला नुसतं स्वतःचं नाव सांगायला इतका वेळ लागला, की खाली रस्त्यावरची भाजीवाली दोन गिऱ्हाइकं करून मोकळी झाली. वर माडीवर कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या दिवशी ती घरी आली ती टेप मागायचं ठरवूनच.

कंडक्टरला नवा शर्ट हवा होता. पुढच्या महिन्यापासून तो स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणार होता. साहेबांच्या मागे लागून मिळवलेलं काम.

"लोक हसतील की हो," कटिंगवाले मास्तर म्हणाले होते.

"ह... हसू देत. मी सांगेपर्यंत ग... गाडी थांबेल. नाहीतरी ती उ... उशिराच येते."

त्याच्याबरोबर आलेली नर्स बाकावर बसून खो खो हसली. तीही माडीवरचीच. आत्या मात्र त्याच्याकडे टक लावून बघत राहिली होती. कधी हात न लागलेल्या कापडाकडे बघावं तशी.

छाती अडतीस, खांदा सतरा, बाही चोवीस. इथवर सगळं सुरळीत झालं होतं. आणि आता हा गळा.

"प..."

"अगं बये, चौदावर एक म्हण आणि हो मोकळी!" आत्या कडाडली.

मास्तरांनी कात्री थांबवून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. आत्याचं हे गणित अख्ख्या दुकानाला तोंडपाठ होतं. पंधराला ती चौदावर एक म्हणायची. पंचवीसला चोवीसवर एक. पन्नासला अर्धं शंभर. "तिसरीत गेली असती तर पंधरा भेटला असता तिला," असं मास्तर माघारी म्हणायचे. आत्याच्या कानावर ते गेलं होतं. एरवी कुणाचं टाचणीएवढं ऐकून न घेणारी ती बाई, एवढ्या एका चेष्टेवर कधी तुटून पडली नाही.

भाचीचे कान तापले. चारचौघांत आत्या आपल्याला वेडावते आहे, असंच तिला वाटलं. चौदावर एक म्हणणं सोपं होतं. टेपही हातात राहिली असती. तिने आत्याकडे बघून मान हलवली. नाही. कंडक्टर मान वर करून तसाच उभा होता. नर्सने हसू आवरलं होतं, पण नजर वळवली नव्हती. भाचीने श्वास सोडला आणि पुन्हा त्याच अक्षरापाशी जाऊन उभी राहिली.

"प... प... पंधरा."

टेप तिने खाली ठेवली नाही. आत्या घालायची तशी स्वतःच्या गळ्यात घातली.

"ल... लिही, आत्या."

आत्याने लिहिलं नाही. पेन्सिल वहीवर टेकली होती ती तिथेच राहिली. रिवाजाप्रमाणे आता आकडा तिने म्हणायचा होता. तिने कंडक्टरकडे पाहिलं. नर्सकडे पाहिलं. मग भाचीच्या गळ्यातल्या टेपकडे.

"गळा," आत्या म्हणाली. "गळा प..."

ओठ मिटले. डावी पापणी फडफडायला लागली.

भाची बघतच राहिली. चौदावर एक. चोवीसवर एक. आत्या तिला कधी 'पोरी' म्हणाली नव्हती, कायम 'बये'. कधी 'पाणी दे' म्हणाली नव्हती, कायम 'ग्लास भर'. तीस वर्षं ही मानी बाई खुशाल अडाणी म्हणवून घेत आली होती. आणि मघाशी आयुष्यभर पुरलेली तीच पळवाट तिने भाचीच्या हातात ठेवली होती, ओरडून का होईना.

मास्तर भला माणूस. त्यांना राहवलं नाही. मदतीला धावावं तसे ते पुढे झाले. "पंध..."

"थ... थांबा, मास्तर," भाची म्हणाली. "आत्या बोलतेय."