कागदावरचा सर्व्हर

निशिगंधाने इन्स्टॉलची कमांड पुन्हा टाइप केली आणि काळ्या स्क्रीनवर तीच लाल एरर आली. "सर, हे टूल नेटवरून उतरवावं लागतं, आणि लॅबचं नेट बंद आहे."

"परीक्षेत नेट दिलं की तुम्ही कॉपी करता," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "पायथॉनमध्ये लिहिलेली वेबसाइट या टूलने चालवून दाखवा, एवढाच तर प्रश्न आहे. चालत नसेल तर आउटपुट कागदावर लिही."

तिने एरर जशीच्या तशी उतरवली.

"हे काय?"

"स्क्रीनवर हेच आलंय, सर."

"आलंय ते कोणी विचारलं? यायला हवं ते लिही. शेजारच्याचं बघ, किती नीट लिहिलंय."

शेजारच्याचा संगणक सकाळपासून सुरूच झाला नव्हता.

निशिगंधा घरी याच टूलवर स्वतःची वेबसाइट रोज चालवायची. तिला मिळालेली नोकरी मात्र या प्रॅक्टिकलवर अडकली होती. तिने एरर खोडली आणि ओठ आवळून लिहिलं, 'इन्स्टॉल यशस्वी. सर्व्हर सुरू.'

सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.

"बघ," ते मायेने म्हणाले, "लक्ष दिलं की चालतं."