चार दिवसांचा नंबर

कापसाच्या गाडीवरून पडल्यापासून श्रावणचा उजवा हात थरथरत होता. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत पाणी कसं सरकतं, त्याचे फोटो मशीनवर सलग चार दिवस काढू. एकच फोटो धूसर येतो. चार एकावर एक बसवले की लख्ख दिसतं. मग ऑपरेशनचं ठरवू."

नलूनं नवऱ्याच्या नावाची, मशीनच्या चार दिवसांच्या नंबराची चिठ्ठी पदराला बांधली. पण त्याच आठवड्यात खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची कोसभर रांग लागलेली. गाडीचा नंबर कधी पुकारतील याचा नेम नाही, म्हणून श्रावण आणि त्याचा धाकटा भाऊ धम्मरत्न आळीपाळीनं गाडीपाशी बसत होते.

पाचव्या दिवशी डॉक्टर कपाळाला हात लावून बसलेले. "बाई, हे फोटो जुळतच नाहीत. पहिला-तिसरा एकसारखे, दुसरा-चौथा एकसारखे. एका दिवसाआड माणसाच्या डोक्याचा आकारच बदलतो, असा आजार मी आजवर पाहिला नाही. नागपूरला न्यावं लागेल."

नागपूरचं नाव ऐकून नलू उठून उभी राहिली. टेबलाची कड धरून तिनं बोटांवर वार मोजले, आणि तिच्या जिवात जीव आला.



"नागपूर कायले, साहेब? सोमवारी अन् बुधवारी हे आलते, मंगळवारी अन् गुरुवारी आमचे धम्मा भाऊजी. मशीनचा नंबर तं आमी एक दिवस बी चुकू नाही देला."