साहेबरावमामा ट्रॉलीतून उतरत न्हाईत

"मी माझ्या पायानं खाली उतरणार न्हाई," साहेबराव म्हणाले आणि ट्रॉलीतल्या सतरंजीवर लोडाला टेकून मांडी ठोकून बसले.

साहेबराव म्हणजे नवरदेवाचे सख्खे मामा. सगळं वऱ्हाड जाफराबादहून एसटीनं फाट्यावर आलं आणि फाट्यावरून कडूबाच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून मांडवाच्या दारात. बाया उतरल्या. पोरांनी उड्या टाकल्या. बँडवाल्याचा ढोल पण उतरला. मामा तेवढे राह्यले. कारण काय, तर शिवेवर नवरीकडच्यांनी मानाची टोपी आधी नवरदेवाच्या आत्याच्या मालकाला घातली. मामांचा नंबर दुसरा लागला. मामांनी तिथं चकार शब्द काढला न्हाई. तेव्हाच शहाण्या माणसांनी ओळखलं की आज जेवणं उशिरा.

कडूबा म्हणजे नवरीचा बाप, गावचा मिस्तरी. ती ट्रॉली त्यानं सोता बनवलेली. जालन्याच्या भंगारातून मोडक्या टिपरचा जॅक आणला, पत्रा आणला आणि उभा पावसाळा वेल्डिंग केलं. लिव्हर ओढली की ट्रॉली पुढून वर उचलायची आणि मागचा फाळका सोडला की माल आपोआप खाली. शेणखत, मुरूम, वाळू, सगळं त्यानं असं खाली करून दाखवलं होतं. माणूस अजून केला नव्हता.

नवरदेव धर्मराज बाशिंग बांधून पाटावर उभा. समोर प्रभा, कडूबाची एकुलती एक पोर, मान खाली घालून. भटजींनी अंतरपाट हातात घेतला आणि परत घडी करून ठेवला. नवरदेवामागं त्याचा मामा उभा राह्यल्याबिगर मंगलाष्टकं लागत न्हाईत. माईकवाला मात्र इमानदारीत ओरडून राह्यला होता, "नवरदेवाचे मामा जिथं कुठं असतील तिथून जल्दी मांडवात यावं." मामा माईकवाल्याच्या बरोबर समोर, पाच हातांवर बसले होते.

कडूबाची बायको चांगुणाबाई नवी टोपी घेऊन गेली, हात जोडून आली. कडूबा पाया पडला.

"एकदा बोललो ते बोललो," मामा म्हणाले.

नवरदेवाच्या बापानं सरळ सांगून टाकलं, "आमचे मेव्हणे असेच परत गेले तर आम्हीबी परत जाऊ. मंग आम्हाला नाव ठेवायचं न्हाई."

चांगुणाबाई पदरात तोंड घालून बसली. मागून गावातली टवाळ पोरं कडूबाच्या कानाशी लागली. "कडूबाकाका, ओढा ना लिव्हर. मुरूम समजा."

कडूबाचा हात शिवशिवला. त्याच्या डोक्यात हे पोरांच्या आधी येऊन गेल्तं. तो लिव्हरकडं निघाला पण, आणि जाता जाता त्यानं मामांकडं बघितलं. मामांचं ध्यान त्याच्याकडं नव्हतं. ते मान उंच करून मांडवात बघत होते. धर्मराजचं बाशिंग एका बाजूला सरकलं होतं, आणि मामा बसल्या जागेवरून दोन बोटांनी हवेतल्या हवेत ते सरळ करून राह्यले होते.

कडूबा थांबला. गड्याचा राग कवाच गेलाय. आता उतरायला तोंड न्हाई, एवढंच.

तो चाकावर पाय देऊन वर चढला आणि हळूच म्हणाला, "मामा, पायानं उतरणार न्हाई म्हणले ना तुम्ही?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

"बराबर. तुमचा शब्द मोडायचा न्हाई. मंग पाय वर धरा."

मामांनी त्याच्याकडं बघितलं. लिव्हरकडं बघितलं. मंग धोतराचा सोगा खोचला आणि लोड पोटाशी धरला.

कडूबानं ट्रॅक्टर फिरवला. मांडवाची कनात वर धरली, पाहुण्यांनी खुर्च्या घेऊन पळ काढला, आणि ट्रॉली उलटी चालत नवरदेवाच्या पाठीमागं येऊन उभी राह्यली. पोरांनी खाली गाद्यांची थप्पी लावली. फाळका सोडला. कडूबानं लिव्हर ओढली.

जॅक कण्हला. काहीच झालं न्हाई. लोक फिदीफिदी हसले. मंग ट्रॉली हळूहळू वर निघाली आणि सतरंजी सरकायला लागली. तिच्यावर मामा, पाय वर, लोड पोटाशी, तोंड गंभीर. घाई न्हाई, गडबड न्हाई. पालखीतला देव यावा तसे मामा वरून खाली आले आणि गाद्यांवर बसते झाले, भाच्याच्या बिलकुल मागं.

मामांचे पाय अजून वरच होते.

धर्मराज मागं न बघता म्हणाला, "मामा, आता टेकवा."

मामांनी पाय टेकवले, उभे राह्यले, आधी बाशिंग सरळ केलं आणि मंग सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं बोलले, "बघितलं का? माझ्या पायानं उतरलो न्हाई."

"न्हाई उतरले," कडूबानं ट्रॅक्टरवरून साक्ष दिली.

भटजींनी अंतरपाट उघडला. मंगलाष्टकं लागली, ती हसण्यात कोणाला ऐकूच आली न्हाईत. अक्षता निम्म्या नवरा-नवरीवर पडल्या, निम्म्या मामांवर.

पंगती उठल्यावर मामांनी कडूबाला ट्रॉलीजवळ एकट्याला बोलावलं. कडूबा हात जोडूनच गेला. "व्याही, मस्करी जास्ती झाली असंल तर पोटात घाला."

मामांनी ऐकलंच न्हाई. ते वाकून जॅक बघत होते. पत्र्यावर त्यांनी दोनदा थाप मारली.

"व्याही, वैशाखात आमच्या पोरीचं लग्न हाय. ही ट्रॉली तवा आमच्याकडं पायजे."

"आणतो की. वऱ्हाड आणायचंय का?"

"वऱ्हाड जीपनं येतंय," मामा आवाज खाली आणून म्हणाले. "ही तिच्या मामासाठी पायजे."