जावयाचा वळू

लढत सुरू व्हायच्या आधी सरलाबाईंनी जावयाच्या रोबोटला कुंकू लावलं, मग लेकीच्या. आधी जावयाचा मान, बाकीचं सगळं नंतर.

"माय, तो मन्हं खापर फोडाले उना शे," रंजिता करवादली. "आन तू त्याले कुकू लावस?"

"लढाई पिंजरामा, बाई. पिंजराबाहेर तो पाव्हना शे."

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. लोणखेड्याच्या मंगल कार्यालयात आज लग्न नव्हतं, म्हणून रोबोटच्या कुस्त्या लागल्या होत्या. स्टेजवर कालच्या लग्नाची झेंडूची कमान तशीच, आणि तिच्यासमोर जाड पारदर्शक भिंतींचा पिंजरा. रंजिताच्या माहेराहून, रनाळ्याहून, टेम्पो भरून माणसं आलेली. अंतिम लढत बायको विरुद्ध नवरा, मग काय विचारता!

दोन्ही रोबोट घरी बनवलेले. रंजिताचं यंत्र म्हणजे ट्रॅक्टरच्या अवजाराचा जुना तवा, पालथा घातलेला. आखाजीच्या पुरणपोळ्यांचं खापर चुलीवर पालथं असतं ना, थेट तसंच. म्हणून नावही खापर. पुढे हवेच्या दाबाने उसळणारं लोखंडी उलथणं. तिच्या नवऱ्याचा, हेमकांतचा, वळू चपटा, आणि त्याच्या तोंडाशी कडबाकुट्टीचं पातं गरगरायचं.

पैज साधी होती. खापर जिंकलं तर रंजिता पुनवेपर्यंत माहेरी. वळू जिंकला तर आजच संध्याकाळी हेमकांतच्या मोटारसायकलवर मागे. लग्नानंतरची पहिली आखाजी, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण, आणि पोरगी झोक्यावर धड बसलीसुद्धा नव्हती. हेमकांत मात्र 'आई एकटी पडते' म्हणत होता. आई बिचारी खुशाल होती. यालाच करमत नव्हतं.

शिट्टी झाली. वळू सुसाट आला. पातं तव्यावर आदळलं, ठिणग्या उडाल्या, पण गोल पाठीवरून घसरून गेलं. पुन्हा आला, पुन्हा घसरला. रनाळेकरांनी खुर्च्या बडवायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी रंजिताने खापर जरा तिरकं नेलं, उलथणं वळूच्या पोटाखाली सरकवलं आणि बटण दाबलं.

वळू हवेत गेला आणि पाठीवर पडला. चारही चाकं वर.

पंच भूपेश सर मोजू लागले. दहापर्यंत हलला नाही तर संपला. नियम असाही होता की, समोरच्याला वाटलंच तर तो त्याला सरळ करू शकतो. पण असं कोण कशाला करील?

एवढ्यात रनाळ्याच्या बाजूला एकदम शांतता झाली. रंजिताचे वडील उखाआप्पा उठून उभे राहिले होते. जावई, भर मांडवात, साऱ्या गावासमोर उताणा!

"सीधा कर व त्यासले!" आप्पा ओरडले. "घरना जवाई शेत!"

झालं. आत्तापर्यंत खापरच्या नावाने बोंबलणारा सगळा टेम्पो उलटला. "सीधा कर, रंजिता! सीधा कर!" स्वतःच्याच पोरीला हरवायला निघालेलं असलं माहेर कुणी पाहिलंय?

"पाच," भूपेश सर म्हणाले. "सहा."

रंजिताने मागे आप्पांकडे पाहिलं. मग त्या चार चाकांकडे. पुनवेपर्यंतचे सगळे दिवस तिथे उताणे पडले होते, नुसतं गप्प उभं राहिलं की तिचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"सात."

तिने खापर पुढे नेलं. उलथणं अलगद वळूच्या कडेखाली घातलं. वळू फिरला आणि चाकांवर उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांनी टोपी सारखी केली आणि समाधानाने खाली बसले. पिंजऱ्याच्या पलीकडे हेमकांतने हात जोडले.

"मान दिधा, आप्पा," रंजिता मागे न बघता म्हणाली. "आते खेयू द्या."

आणि वळूचं पातं पुन्हा गरगरायच्या आत तिने त्याला दुसऱ्यांदा उलथवलं.

आप्पा परत उठायला लागले. सरलाबाईंनी सदरा धरून खाली ओढलं. "बसा आते. एकदाव मान व्हयना. घडीघडी काय?"

भूपेश सरांनी दहापर्यंत मोजलं. हेमकांत स्वतःच हसत पुढे आला.

"पुनवले येसू लेवाले," तो म्हणाला.

"या. तवपावत वळूले उठाले शिकाडा."

संध्याकाळी हेमकांतने पातं काढून पिशवीत टाकलं. वळूला मागच्या सीटवर ठेवलं, पण तो काही नीट राहीना. रंजिताने आपली ओढणी काढली आणि त्याला सीटला करकचून बांधलं. सरलाबाईंनी पुरणपोळ्यांचा डबा हँडलला अडकवला.

"जवाई रिकामा हाते नही गया, बरं व्हयनं," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. कपाळावर कुंकू आणि अंगाभोवती हिरवी ओढणी, असा वळू मागे ऐटीत बसला होता. फाटकाशी गतिरोधक आला तशी हेमकांतने गाडी हळू केली, सवयीने एक हात मागे नेला आणि सवयीनेच म्हणाला,

"घट धर बरं."

सगळ्यांनी ऐकलं. रनाळेकर पोट धरधरून हसले, टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा. रंजिताही हसली. गाडी वळणाआड गेली तरी ती फाटकातच उभी होती.

"माय व," तिने हळूच विचारलं, "पुनव आते कितली दूर शे?"