काकांची पुढची तारीख

सॅक्सोफोनवाले काका डॉक्टरांच्या खुर्चीतून उठले ते थेट बाहेर वेळा देणाऱ्या बाईंच्या टेबलापाशी आले. वरचे समोरचे चारही दात नुकतेच काढले होते. तोंडात कापसाचा बोळा, तो दाबून धरायचा आणि तासभर अवाक्षर काढायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. काकांनी खिशातली छोटी डायरी बाईंपुढे ठेवली, टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'तीन कार्यक्रम ठरलेत. तिन्ही ठिकाणी फोन करून रद्द करा. कायमचे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. एकवीस वर्षं त्या या दवाखान्यात पेशंटना वेळा देत होत्या, पण रद्द हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. दाढ ठणकायची थांबली की माणूस फोन करून 'आज जमत नाही' म्हणतो, आणि तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात पुढची तारीख मारली नाही तर तो पुन्हा फिरकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

काकांनी लिहिलं, 'दोन महिन्यांनी कवळी. जेवता येईल, बोलता येईल. वाजवायचं काही सांगता येत नाही म्हणाले.' मग जरा थांबून खाली, 'सॅक्सोफोन वरच्या दातांवरच टेकवावा लागतो.'

शेवटची ओळ बाईंच्या मनाला लागली. पण पेशंटसमोर चेहरा पाडायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी डायरी उघडली आणि पहिला नंबर फिरवला. तो एका हॉटेलचा होता.

"नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. या रविवारी तुमच्याकडे काकांचं जाझ आहे ना? ते पुढे गेलंय. तीन महिन्यांनंतरचा पहिला रविवार, दुपारी चार. चालेल? साडेचार? बरं, साडेचार लिहिते. आदल्या दिवशी फोन करून आठवण करीन."

काकांनी डोळे वटारले. 'रद्द'खाली अशी रेघ ओढली की कागद टरकन फाटला.

"फाडा, फाडा," बाई म्हणाल्या. "मला नाही येत हो रद्द करायला. शिकलेच नाही ते."

दुसरा फोन वाचनालयाच्या सभागृहात लागला. तिथले व्यवस्थापक आढेवेढे घेऊ लागले. मागच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे, लोकांना जाझ कळत नाही म्हणे. जाझ बाईंना तरी कुठे कळत होतं? पण त्या इरेला पेटल्या.

"अहो, गेल्या महिन्यात इथली वीज गेली. मशिन बंद. नंबरची वाट बघत बसलेल्या काकांनी वाद्य काढलं आणि दहा मिनिटं वाजवलं. सात माणसं होती, सातही गाल धरून बसलेली. वीज आली, डॉक्टरांनी हाक मारली, तर आत जायला कुणी उठेना! आणखी काय सांगू तुम्हाला?"

"मी होते त्यात," बाकावरून गाल सुजलेल्या मावशी अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "मला कळवा हं तारीख."

व्यवस्थापकांनी तारीख दिली. बाईंनी ती लिहिली आणि हाताला सवयच असल्यामुळे तिच्याखाली मावशींचं नावही लिहून टाकलं.

तिसरा नंबर एका छोट्या कॅफेचा होता. तिथे काका अकरा वर्षं वाजवत आले होते. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि सरळच विचारलं, "बाई, खरं सांगा. वाजवता येणार आहे का त्यांना?"

'दुखणार नाही' असं खोटं बाईंनी कुठल्या पेशंटला कधी सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

काका खाली मान घालून फाटलेला कागद नीट जुळवत बसले होते. त्यांचे हात बघून बाईंना राहवेना.

"थांबा, त्यांनाच विचारा," असं म्हणून त्यांनी रिसीव्हर काकांच्या हातात दिला. काकांनी घाबरून तोंडाकडे बोट दाखवलं.

"बोलू नका ना. तोंड बंदच ठेवा."

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग त्यांच्या नाकातून एक बारीक सूर आला, अडखळला, पुन्हा आला. हळूहळू तो सरळ झाला, वर चढला, मध्येच खोडकरपणे वळला. काकांचा पाय ठेका धरू लागला. मावशींची बोटं बाकावर वाजू लागली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

डॉक्टर दारातून डोकावले. "काका! तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं ना मी?"

"बंदच आहे, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

सूर थांबला. काकांनी रिसीव्हर परत दिला. पलीकडे मालक घसा खाकरत होता.

"कधीची तारीख म्हणालात?" त्याने विचारलं. बाईंनी सांगितली. "लिहिली. आणि बाई, यापुढे त्यांच्या कार्यक्रमांचं बोलायचं तर तुमच्याशीच ना?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी ओल्या डोळ्यांनी मान हलवली.

"हो, माझ्याशीच," बाई म्हणाल्या. "सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते आठ. रविवारी बंद." मग त्यांना डायरीत हॉटेलची तारीख दिसली. "नाही, थांबा. रविवारी चालू."