चौथं प्रूफ

माउंट रोडवरच्या छापखान्यात राघोत्तमराव त्या कॉर्निश पुस्तकाने अगदी टेकीला आले होते. इंग्लंडच्या एका टोकाला बोलली जाणारी ही भाषा बोलणाऱ्यांसकट संपली होती, आणि आता कोणी साहेब ती पुन्हा शिकवायला निघाला होता. चौथं प्रूफ आलं, तरी चुका सरेनात.

त्यांना आणि त्यांचे जोडीदार प्रूफ-तपासनीस सेतुमाधव यांना, दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून सेतुमाधव मूळ प्रतीतून एकेक अक्षर सांगत आणि राघोत्तमराव प्रुफावर ताडून पाहत.

त्या सकाळी सेतुमाधव अक्षरं सांगेचनात. घरचं पत्र वाचावं तसे भराभर वाचत सुटले.

“अय्यो, अक्षरं सांगा की हो! डोकं फिरवू नका माझं,” राघोत्तमराव खेकसले.

सेतुमाधव थांबले नाहीत. प्रुफाचं पान संपलं, तरी आवाज चालूच. राघोत्तमरावांनी मान वर केली. मूळ प्रत मिटून टेबलावर पडली होती. सेतुमाधव खिडकीबाहेर बघत बोलत होते.

बोलता बोलता ते एका शब्दावर चुकले.

राघोत्तमरावांनी वैतागून तो शब्द दुरुस्त करून सांगितला.

सेतुमाधवांनी मान डोलावली आणि वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी ते बरोबर होतं.